डाव्या गालाची सुट्टी

फोटोवाल्याचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहायचं. गावोगावची माणसं त्याला "हसू नका" म्हणून ओळखायची. "अरे, तो हसू नका येऊन गेला का?" "गेला की. आमच्या आजोबांचा काढला. आजोबा अजून गंभीर आहेत." अशी त्याची ख्याती.

कारण एवढंच, की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी तो समोरच्याला न चुकता सांगायचा, "हसू नका."

त्याचंही एका परीने बरोबर होतं. कॅमेरा दिसला की माणूस दारात पाहुणा आल्यासारखा हसतो आणि घरातला पसारा पायाने पलंगाखाली सरकवतो. याला तो पसाराच हवा असायचा. ज्यांच्यावर काही ओढवलं आणि तरी जे उभे राहिले, अशा माणसांचं तो पुस्तक करत होता. नाव ठरलेलं होतं, "सोसलेली माणसं". त्यासाठी तो बसने, ट्रकने, कधी मालगाडीच्या गार्डाला मस्का लावून हिंडला. दुःखाच्या बाबतीत तो सोनारासारखा होता. घासून बघायचा, कस लागला तरच घ्यायचा.

एका नदीवर पूल वाहून गेला होता, पुलाबरोबर काठावरची घरंही. तिथला नावाडी त्याला म्हणाला, "हसू नको म्हणता, तर मला नावेत बसवू नका. नावेत बसलो की आपोआप हसू येतं." याने त्याला काठावर, उरलेल्या भिंतीपाशी उभं केलं. भूकंपाने शाळा पाडली त्या गावातली मास्तरीण तंबूत वर्ग चालवत होती. ती म्हणाली, "पोरं डोक्यावर बसतील म्हणून नोकरीभर हसले नाही. आता निवृत्तीला आले, तर तुम्हीही नकाच म्हणता?" पण तिनेही ऐकलं. सगळे ऐकायचे. दमलेली माणसं पाहुण्याशी वाद घालत नाहीत.

ऐकायची नाही ती फक्त त्याची थोरली बहीण. घरी फोटो पसरून बसला की ती चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, "तुझ्या फोटोतल्या माणसांना कधी कुणी जेवायला वाढत नाही का रे?"

"अगं, सोसलेली माणसं आहेत ती."

"सोसलेली म्हणजे उपाशी नव्हेत."

पुस्तकाचं शेवटचं पान रिकामं होतं. त्यासाठी तो त्या लाँड्रीत आला.

लाँड्रीची हकिगत अशी. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती. दोन वर्षांपूर्वी तिचा बॉयलर फुटला आणि छत खाली आलं. बॉयलरवाला जागच्या जागी गेला. मालक "विम्याचं बघून येतो" म्हणून गेला, तो तिकडचाच झाला. मग कामावरच्या बायकांनी बसदुरुस्तीचं एक बंद पडलेलं गॅरेज भाड्याने घेतलं, ढिगाऱ्यातून चालती यंत्रं उपसून काढली आणि लाँड्री पुन्हा सुरू केली. रस्त्यावरचे दुकानदार दारात उभे राहून हसले. बायका बॉयलर चालवणार म्हणे! तेव्हा त्यांची मुकादमीण रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली होती, "हसतील त्याचे दात दिसतील. आणि पिवळे दिसले तर चादरींबरोबर पाठवा, धुऊन देऊ."

त्यानंतर कुणी हसलं नाही. निदान तोंड उघडून तरी नाही.

फोटोवाला गॅरेजच्या दारात आला तेव्हा वाफ, साबणाचा वास आणि बायकांचं बोलणं तिन्ही एकदम अंगावर आलं. त्यातून एक बाई पुढे झाली. उंचीला कमी, आवाजाला जास्त. ती बॉयलरवाल्याची बायको. मुकादमिणीच्या थोरल्या भावाची बायको म्हणून ती मुकादमिणीची वहिनी. पण सगळी लाँड्रीच तिला वहिनी म्हणायची, तिच्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा. नवरा गेल्यावर त्याचा बॉयलर तीच सांभाळत होती आणि त्याच्याशी बोलायचीही नवऱ्याशी बोलावं तशी, म्हणजे बहुतेक वेळ रागावून.

"तुम्हीच ते पुस्तकवाले? सोललेली माणसं?"

"सोसलेली."

"हां. मला वाटलं, आम्ही काय वाटाणे आहोत की काय!"

मागे बायका हसल्या. फोटोवाल्याने सवयीने बॅग उघडली, कॅमेरा काढला आणि म्हणाला, "हसू नका."

झालं. जी हसत नव्हती तीही हसायला लागली. एक बाई तर टॉवेलांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून हसली. फोटोवाला कॅमेरा धरून उभा राहिला, भर लग्नात सुतकी तोंड करून आलेल्या पाहुण्यासारखा.

मुकादमीण मात्र पुढे आली नाही. ती लांब, चादरी वाळवून सपाट करणाऱ्या रोलरपाशी उभी होती. फोटोवाल्याची नजर तयार होती, त्याला लगेच कळलं की तिने तिथली प्रत्येक वस्तू अशी मांडून घेतली आहे, की दारातून येणाऱ्याला तिची उजवी बाजूच दिसावी. रोलर, टेबल, टोपल्या, सगळं त्या हिशेबाने. आणि रोलरच्या घरघरीखाली ती काहीतरी पुटपुटत होती. "अ, आ, इ, ई…" ई आली की ती अडखळायची, थांबायची, पुन्हा 'अ'पासून.

"शिकताहेत का त्या?" त्याने वहिनीला हळूच विचारलं.

"शिकताहेत ना. पहिलीत बसल्यात. ईमध्ये नापास होतात, म्हणून पुढे ढकलत नाहीत."

तेवढ्यात मुकादमिणीचा फोन वाजला. तिने हात पुसले, फोन साबणाच्या डब्याला टेकवून ठेवला, पण असा, की त्याचा डोळा वर पत्र्याकडे राहावा. पडद्यावर एक तरुण बाई आणि तिच्या कडेवर गोबरं बाळ. मुकादमिणीची मुलगी. लांबच्या शहरात दिलेली.

"आई, पुन्हा पत्रा? तुझा पत्रा मला पाठ झाला आता. कोपऱ्यात गंज चढलाय, बघ."

"हात ओले आहेत गं."

"सात महिने ओले आहेत?"

रोलरवरच्या दोघी बायका एकमेकींकडे न बघता काम करू लागल्या. म्हणजे कान इकडेच.

"बरं, हिला दोन दात आलेत. खालचे."

"बघितले. गोड आहेत."

"तू बघितलेस. तिने काय बघितलं? तिला रोज पत्राच दिसतो. एक दिवस पत्र्यालाच आजी म्हणायला लागेल. उद्या येतेस ना? तिकीट काढलंयस ना?"

"काढलंय. बघते."

"बघते नाही. ये."

फोन बंद झाला. मुकादमीण पुन्हा रोलरकडे वळली. "अ, आ…"

वहिनीने फोटोवाल्याला बॉयलरपाशी नेलं आणि बॉयलरला ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात सांगितलं. छत आलं त्या दिवशी मुकादमिणीच्या कानामागे तुळई बसली. जीव वाचला, गालाची शीर गेली. "तेव्हापासून डावा गाल सुट्टीवर आहे. भरपगारी. उजवा बिचारा एकटा दोन्ही पाळ्या करतो." मध्यंतरी बसस्थानकावर कुणाचं तरी पोर मुकादमिणीकडे बघून भोकाड पसरून रडलं. "त्याला भूक लागली असेल, झोप आली असेल. पण वन्संनी ते रडं आपल्या नावावर लिहून घेतलं. म्हणतात, माझ्या नातीने मला बघून रडावं, असं व्हायचं असेल तर ती पत्र्यालाच आजी म्हणो. तीनदा तिकीट काढलं, तीनदा परत केलं. हे चौथं."

फोटोवाल्याच्या मनात कणव दाटली. खोटी नव्हती. पण कणवेच्या शेजारीच दुसरंही काहीतरी मांडी घालून बसलं होतं, आणि ते म्हणत होतं, शेवटचं पान मिळालं रे बाबा.

दुपारी काम जरा सैल झालं तेव्हा मुकादमीण स्वतःच त्याच्यासमोर आली. उजवी बाजू पुढे करून.

"भाऊ, तुम्ही खरं बोलता का?"

"माझा कॅमेरा खरं बोलतो, ताई."

"कॅमेऱ्याचं नाही विचारलं. वहिनीच्या फोनलाही कॅमेरा आहे. फोटो काढला की तो माझा गाल आपणच इस्त्री करून देतो. आणि वहिनी रोज सकाळी म्हणते, छान दिसता. दोघं तोंडदेखलं बोलतात. आरसा तर उजव्याचं डावं करतो, त्याची साक्ष कोण धरणार? मला एक परका माणूस हवाय, ज्याला माझ्याशी गोड बोलायची गरज नाही."

"मग?"

"मग माझा एक फोटो काढायचा. काढताना हे करा, हे करू नका, काही बोलायचं नाही. काढून झाला की त्यात काय दिसतं ते सांगायचं. जे दिसेल ते. उद्याची बस धरायची की नाही, ते मी त्यावर ठरवीन. त्यानंतर तुमच्या पुस्तकासाठी हवे तितके काढा. हवी तर उलटी टांगा."

"उलटी नको," वहिनी लांबून म्हणाली. "उलट्या केल्या तर हसताना रडल्यासारख्या दिसतील."

हे वाक्य फोटोवाल्याने ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो तेव्हा उजेड बघत होता.

उजेड चांगला होता. खिडकीशी एक टब पालथा घालून त्यावर तिला बसवलं. समोरच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवरून ऊन परतून तिच्या तोंडावर येत होतं. तिने डोक्याचा रुमाल सोडला, मोठा श्वास घेतला आणि पहिल्यांदाच पूर्ण चेहरा त्याच्याकडे वळवला.

फोटोवाला थांबला. थांबणं ही त्याची कला होती. हळूहळू तिच्या उजव्या ओठाचा कोपरा थरथरला. उजवा डोळा बारीक झाला, ओला झाला. गालावर एक घडी उमटली. डावी बाजू तशीच, झोपलेल्या घरासारखी. दोन्हींच्या मध्ये काहीतरी ताणलं जात होतं. हा क्षण त्याच्या पूर्ण ओळखीचा होता. बांध फुटायच्या आधीचा. त्याने बोट दाबलं.

त्याने फोटो बघितला आणि त्याला स्वतःचाच गहिवर आला. ज्याला कावीळ होते त्याला सगळं पिवळं दिसतं, आणि वर तो रंगाची तारीफही करतो.

"ताई," तो म्हणाला, "खरं सांगू? इतकी वर्षं हिंडलो, पण असं रडू मी पाहिलं नाही. आवंढा गिळून धरलेलं. एक थेंब सांडू न देता."

रोलर कुणीतरी बंद केला. का केला ते त्या बाईलाही सांगता आलं नसतं.

"मी हसत होते," मुकादमीण म्हणाली.

रागाने नाही. नळाला पाणी आलं नाही हे सांगावं तसं. मग तिने रुमाल पुन्हा बांधला, घट्ट.

"दोन वर्षं अ आ इ ई करतेय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला व्यायाम. ई म्हणताना ओठ ताणतात ना, तेच हसणं. मला वाटत होतं, जमलंय. हसू आणि हसं यात फरक तो केवढा? एका अक्षराचा. माझं ते शेवटचं अक्षर कच्चं राहिलं." ती उठली. "बरं झालं, खरं बोललात. वहिनी, तिकीट परत करून ये. आणि तुम्ही काढा आता तुमचे फोटो. रडूच हवंय ना? भरपूर आहे."

फोटोवाल्याच्या तोंडातून शब्द फुटेना. वहिनीच्या फुटले.

"अहो हसू नका! लोकांना हसू नका हसू नका सांगून तुमचे डोळेच विसरले वाटतं, हसू कसं असतं ते! सोललेली माणसं म्हणे. आम्हाला सोलायला आलात का?"

"वहिनी, पुरे," मुकादमीण म्हणाली. "मी खरं मागितलं, त्यांनी दिलं. त्यांचा काय दोष?"

हे तर शिव्यांहून वाईट होतं.

फोटोवाला मळक्या चादरींच्या गाठोड्यावर जाऊन बसला. आणखी एकही फोटो काढला नाही. हातात तो एकच होता, तो बघत राहिला. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, अंगठ्याने त्यातली डावी बाजू झाकली. उरलेली उजवी बाजू हसत होती. स्वच्छ, मिस्कील, डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. तीच ती रस्त्यात उभी राहून पिवळे दात मागणारी बाई. मग त्याने उजवी झाकली. डावी शांत झोपली होती. रडत तर कुठलीच नव्हती. अर्धं हसणं, अर्धं झोपणं, आणि याने बेरीज केली रडणं.

बेरीज करायला याला कुणी सांगितलं होतं? आणि तीही इतक्या घाईने?

समोर मुकादमीण आणि वहिनी चादरींच्या घड्या घालायला लागल्या होत्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, मागे सरून ताणायची, झटका द्यायचा, फट्ट. मग टोकाला टोक जुळवायला एकमेकींकडे चालत यायचं. चादर उघडी असते तेव्हा दोघी लांब, घडी पुरी होते तेव्हा नाकाला नाक. वहिनी प्रत्येक चादरीला येताना काहीतरी पुटपुटायची. मुकादमीण उत्तर देत नव्हती. फट्ट, चाल, टोकं जुळव, ठेव. पुन्हा.

मग एका चादरीला वहिनीने, लांब असतानाच, डोळे मिटून, मान वाकडी करून, फोटोवाल्याच्या सुरात म्हटलं, "ताई, असं रडू मी पाहिलं नाही!"

"गप गं," मुकादमीण म्हणाली. पण उजवा कोपरा हलला होता.

फोटोवाला बघत होता. चादर अजून लांब होती. उजवा गाल वर गेला. याच जागी मघाशी त्याने बोट दाबलं होतं. याच जागी तो नेहमी दाबायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. आता कॅमेरा डोळ्याला नव्हता, म्हणून त्याला पुढचंही बघावं लागलं. दोघी चालत एकमेकींकडे येत होत्या. डोळा बारीक झाला. भुवई उचलली. आणि टोकाला टोक जुळलं तेव्हा, सगळ्यांच्या मागून, लांबच्या गावाहून शेवटच्या बसने यावा तसा, डावा कोपरा आला. थोडासाच. पण आला.

तो ताडकन उठला.

"ताई, अजून एकदा."

"काय?"

"घडी. म्हणजे सगळ्या घड्या. तुम्ही काम करत राहा, मी नुसता काढतो. काही बोलणार नाही."

"मघाशी बोलला नव्हतात तेव्हाच बरे होतात," वहिनी म्हणाली.

"काढू दे गं," मुकादमीण म्हणाली. "कबूल केलंय मी. रडकं तोंड तर आहेच, जागेवर."

त्याने तेच ऊन, तीच चादर बघितली आणि बोट दाबलं ते सोडलंच नाही. कॅमेरा कडकड वाजत राहिला. वहिनीला नुसतं निमित्तच हवं होतं. तिने फोटोवाल्याची चाल केली, उजेड बघतानाची मान केली, गाठोड्यावर बसलेलं सुतकी तोंड केलं. "हे बघा वन्सं, सोललेला वाटाणा!" मुकादमीण ओठ दाबून होती, दाबून होती, आणि मग चादरीचं टोक तिच्या हातून सुटता सुटता राहिलं.

कामाची घाई ओसरल्यावर त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला. स्वतःच्या जिवापेक्षा जपायचा तो कॅमेरा. ओल्या हातात.

"ही चकती आहे ना, ती फिरवा. हळू."

तिने फिरवली. एक फोटो गेला, दुसरा आला. चादर लांब. उजवा कोपरा. पुन्हा फिरवली. डोळा. पुन्हा. "हेच ते," ती म्हणाली. "तुमचं रडू."

"हो. पुढे जा."

ती पुढे गेली. भुवई. चादर जवळ. आणि मग डावा कोपरा. तिचं बोट थांबलं. तिने चकती उलटी फिरवली, हसू गेलं. सुलटी फिरवली, आलं. उलटी. सुलटी. बायका भोवती गोळा झाल्या होत्या, कुणीच काही बोलत नव्हतं, वहिनीसुद्धा. हे त्या दिवसाचं दुसरं आश्चर्य.

"माझं चुकलं ते एवढंच, ताई," फोटोवाला म्हणाला. "तुमचं हसू वाटेत होतं, मी मधल्याच थांब्यावर उतरवून घेतलं."

तिने मान वर केली. संशयाने. "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"मी? मघाशी तोंडावर रडू म्हणालो ते विसरलात? मला तोंडदेखलं बोलता येत असतं तर तेव्हाच नसतो बोललो? ज्याने रडू सांगितलं तोच आता हसू सांगतोय. दोन्हीला साक्षीदार एकच."

मुकादमिणीने चकती पुन्हा एकदा फिरवून बघितली. माणसाची घोडचूक त्याच्या प्रामाणिकपणाचा दाखला व्हावी, असं क्वचित होतं.

"पण उशिरा येतं," ती शेवटी म्हणाली.

"येतं."

"बाळ थांबेल एवढा वेळ?"

"न थांबायला काय झालं?" वहिनीला कंठ फुटला. "तिला कुठे पाळी गाठायचीय?" आणि तिने पदराआडून तिकीट काढून टेबलावर आपटलं. "घ्या. मी परत करायला गेलेच नव्हते. तीनदा हेलपाटा घातला, माझे पाय काय फुकटचे आहेत?"

सकाळच्या बसला फोटोवालाही होता. आपला परतीचा रस्ता तोच आहे, असं त्याने सांगितलं. नकाशा वेगळं सांगत होता, पण नकाशाला कुणी विचारलं नाही. मुकादमीण खिडकीशी बसून वाटभर अ आ इ ई करत होती. कंडक्टरने काळजीने विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?"

"पहिलीत आहे," ती म्हणाली. "परीक्षेला चाललेय."

मुलीचं घर जिन्याने वर होतं. फोटोवाला दोन पायऱ्या खाली राहिला. दार उघडलं. मुलगी, कडेवर बाळ. मुलगी "आई" म्हणायला गेली आणि तिथेच थांबली. मुकादमीण सवयीने उजवी बाजू पुढे करून उभी होती. क्षणभर तशीच राहिली. मग तिने डोक्याचा रुमाल काढला आणि पूर्ण वळली.

बाळाने बघितलं. तपासनीस बघतो तसं, डोळे न मिटता, अजिबात गोड न बोलता. त्याला गोड बोलायची गरजच नव्हती.

आजीचा उजवा कोपरा हलला. बाळ बघत होतं. उजवा गाल वर गेला, डोळा ओला झाला. फोटोवाल्याचं बोट सवयीने खाली निघालं. त्याने ते अडवलं. बाळाच्या कपाळाला एक आठी पडली. खालचा ओठ जरा पुढे आला. डावा गाल कुठे दिसत नव्हता.

मग बाळाने हात पुढे केला, आजीचा तो झोपलेला गाल मुठीत धरला आणि ओढला. चांगला जोरात. सुट्टीवर गेलेल्याला इतक्या हक्काने कामावर कुणी बोलावलं नव्हतं. "अगं बाई!" मुकादमीण म्हणाली, तिला खरंच हसू फुटलं, आणि त्या मुठीच्या आत, थरथरत, धापा टाकत, डावा कोपरा हजर झाला.

मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडू नका!" जिन्यावरून फोटोवाला ओरडला.

आयुष्यात पहिल्यांदा. त्याचं त्यालाच कळलं नाही, कुणाच्या तोंडून आलं ते. मुलगी दचकली, हा कोण म्हणून बघायला लागली. बाळ दचकलं, त्याच्याकडे बघून पुन्हा आजीकडे वळलं, आणि आजी अजून हसतेच आहे, असं पाहून खुदकन हसलं.

"रडू द्या हो तिला," मुकादमीण म्हणाली. तिने बाळाला घेतलं, बाळाने गाल सोडला नाही. "हसतील त्याचे दात दिसतील. बघा, दिसले की नाही?"

दिसले होते. खालचे दोन. फोटो थोडा हललेलाच आला, कारण सगळेच हलत होते. पण दात स्पष्ट आहेत.